पन्नास हजारांचं सैन्य रोज खातं काय? कॅनी, गॉगामेला आणि आपल्या स्ट्रॅटेजी गेम्स

रात्रपाळी

बरेच दिवस डोक्यात होतं, आज सुट्टी आहे तर लिहूनच टाकतो. मी हॉस्टेलला असल्यापासून टोटल वॉर खेळतोय, आधी रोमचा पहिला भाग, मग मिडीव्हल, मग रोम टू. मधे एज ऑफ एम्पायर्स आणि सिव्हिलायझेशनवर किती रात्री गेल्या त्याचा हिशोब नाही. या गेम्समुळेच मला प्राचीन इतिहासाची गोडी लागली. रोमशी लढलेला कार्थेजचा (उत्तर आफ्रिका) सेनापती हॅनिबल कोण होता हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, गेमने सांगितलं. मग पॉलिबियस, लिव्ही, प्लुटार्क या जुन्या इतिहासकारांची इंग्रजी भाषांतरं वाचली आणि जसजसं वाचत गेलो तसतशा दोन गोष्टी खटकायला लागल्या. एक म्हणजे सैन्याचा आकार आणि दुसरी म्हणजे ‘निर्णायक लढाई’ ही कल्पनाच.

आधी आकार. टोटल वॉरमधे एका आर्मीत जास्तीत जास्त २० युनिट्स, सेटिंग सगळ्यात मोठं ठेवलं तरी पायदळाच्या एका युनिटमधे साधारण १६० माणसं, म्हणजे फुल स्टॅक (पूर्ण भरलेली आर्मी) झाला तीन-साडेतीन हजारांचा. स्क्रीनवर ते प्रचंड दिसतं, पण रोमचं एकच लीजन (त्यांच्या सैन्याचं मोठं दल) चार-पाच हजारांचं असायचं, म्हणजे आपण ज्याला फुल स्टॅक म्हणतो ते एक लीजनसुद्धा भरत नाही. दक्षिण इटलीत कॅनीच्या मैदानात (इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट) रोमची आठ लीजन्स आणि तेवढेच मित्रराज्यांचे लोक होते, पॉलिबियस ८०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ म्हणतो, आणि समोर हॅनिबलचे ४०,००० पायदळ आणि १०,००० घोडदळ. सव्वा लाखाच्या वर माणसं एका नदीकाठी. हे स्क्रीनवर दाखवता येत नाही हे मी समजू शकतो, कॉम्प्युटरची मर्यादा आहे, त्यावर माझी तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. गेममधे सैन्य मोठं करायला पैसे लागतात, बास. खजिन्यात सोनं असलं की बटण दाबा, दोन टर्नमधे (खेळातल्या दोन पाळ्यांत) युनिट तयार, आणि ते युनिट वाळवंटातून न्या, बर्फातून न्या, वीस टर्न शत्रूच्या मुलखात उभं ठेवा, ते तिथेच उभं राहतं. पॉलिबियसने रोमन शिपायाचा महिन्याचा गहू लिहून ठेवलाय, तो दिवसाला जेमतेम एक किलो पडतो. म्हणजे हॅनिबलच्या ५०,००० माणसांना रोज ५० टन धान्य, आणि १०,००० घोड्यांना साधारण तेवढाच दाणा वेगळा, चारा आणि पाणी अजून धरलंच नाही. रोज! लढाई असो नसो. आणि हा माणूस १५ वर्षं इटलीत राहिला, इ.स.पू. २१८ ते २०३, कार्थेजहून त्याला अख्ख्या काळात एकदाच काय ती थोडी कुमक धड पोचली. म्हणजे त्याने रोज सकाळी उठून आधी कशाचा विचार केला असेल, डावपेचांचा का पोत्यांचा?

दुसरी गोष्ट निर्णायक लढाईची. कॅनीला हॅनिबलने जे केलं ते आजही लष्करी शाळांमधे शिकवतात. मधला भाग मुद्दाम पुढे काढला, तो हळूहळू मागे सरकू दिला, रोमन आत घुसत गेले, दोन्ही बाजूंनी आफ्रिकन पायदळ वळलं आणि मागून घोडदळाने दार लावून घेतलं. लिव्हीच्या आकड्यानुसार रोमचे ४५,५०० पायदळ आणि २,७०० घोडेस्वार मेले, ८० सिनेटर्स मेले, दोन कॉन्सलपैकी (रोमचे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी) एक मेला. पॉलिबियस तर ७०,००० म्हणतो. गेममधे असं झालं तर पुढच्या टर्नला समोरचा तहाला येतो, आला नाही तर मी राजधानी घेतो, कॅम्पेन संपलं. आणि खऱ्यात? रोमने तहाचं बोलणंसुद्धा ऐकून घेतलं नाही. हॅनिबलचा दूत कार्थालो आला त्याला शहराबाहेरूनच परत पाठवला. सरकारी पैशाने ८,००० गुलाम विकत घेऊन सैन्यात घातले, देवळांतली जुनी लुटीची शस्त्रं उतरवून त्यांच्या हातात दिली, आणि लढाई चालू ठेवली. अजून १४-१५ वर्षं.

मग ज्या लढाईत एका बाजूचे ५०,००० मेले आणि तीच बाजू शेवटी युद्ध जिंकली ती लढाई निर्णायक कशी म्हणायची? आणि अलेक्झांडरची गॉगामेला मात्र झाली आणि इराणचं साम्राज्य कोसळलं, ते का? मला याचं उत्तर थोडंसं सापडलंय असं वाटतं, पण आधी तुमचं ऐकायचंय.

बाणगंगा

मस्त धागा. वाचनखूण साठवली. सविस्तर संध्याकाळी लिहितो, तोवर फक्त एक: प्राचीन लेखकांच्या आकड्यांवर तू जरा जास्त विश्वास ठेवतोयस का?

रात्रपाळी

कॅनीच्या बाबतीत ठेवतो, कारण पॉलिबियस स्वतः सैन्यातला माणूस होता आणि लीजन्सची संख्या माहीत असली की बेरीज जुळते. गॉगामेलाच्या बाबतीत अजिबात नाही. अ‍ॅरियन अलेक्झांडरचे ४०,००० पायदळ आणि ७,००० घोडदळ सांगतो ते पटतं, पण इराणच्या राजाला, दरायसला, तो १० लाख पायदळ देतो! आजचे अभ्यासक ५०,००० ते १ लाखाच्या आसपास धरतात.

बाणगंगा

आलो. तर ग्रीक इतिहासकार हेरोडोटस घ्या. इराणचा राजा झर्क्सिस ग्रीसवर गेला तेव्हा (इ.स.पू. ४८०) त्याने म्हणे डोरिस्कसला सैन्य मोजलं. मोजायची पद्धत फार भारी आहे, १०,००० माणसं दाटीवाटीने उभी केली, भोवती वर्तुळ आखलं, त्या वर्तुळावर बेंबीएवढी भिंत बांधली आणि मग त्या कोंडवाड्यात लोक भरत आणि रिकामे करत राहिले, १७० वेळा. झाले १७ लाख. मग आरमार, वाटेत मिळालेले लोक आणि नोकरचाकर धरून हेरोडोटस ५२,८३,२२० वर पोचतो, आणि त्याने स्वतःच त्यांना रोज किती धान्य लागेल याचाही हिशोब मांडलाय, म्हणजे त्यालाही तो प्रश्न पडला होता हे मला फार आवडतं.

आता साधं गणित करू. १७ लाख माणसं, चार-चारच्या रांगेत, प्रत्येक रांगेला २ मीटर. ४,२५,००० रांगा म्हणजे ८५० किलोमीटर. पुणे-नागपूर अंतरापेक्षा जास्त, आणि यात एकही गाडी, उंट, खेचर धरलेलं नाही. पुढचा माणूस लढाईच्या जागी पोचला तेव्हा शेवटचा माणूस महिना-सव्वा महिना मागे. असं सैन्य चालूच शकत नाही, आकडा खोटा ठरवायला वेगळा पुरावा लागत नाही, रस्ता पुरतो.

तुळस

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला, पण बाणगंगा तुमचं हे रांगेचं गणित वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मी सहा वर्षं आळंदी ते पंढरपूर वारीला चालते. एका जागी उभं राहून पालखीसोहळा पूर्ण पुढे जाईपर्यंत बघितलाय कधी? तास न् तास जातात. दिवे घाटात वरून खाली पाहिलं की माणसांचं टोक दिसत नाही. आणि आमच्या दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे गेलेला असतो, तंबू लावायला, चुली पेटवायला, पाण्याचा टँकर वेगळा, तरीही पुणे-सासवडसारखा लांबचा टप्पा असला की पोचेपर्यंत रात्र होते आणि मागच्या दिंड्या अजून वाटेतच असतात. वाटेतली गावं प्रेमाने जेवायला घालतात, पिठलं-भाकरी, चहा, केळी, सगळं. तुमच्या त्या हॅनिबलला कुणी प्रेमाने वाढत नव्हतं. मला तर नेहमी वाटतं की मैदानात माणूस कसा लढला हे सगळे लिहितात, तिथवर तो चालत आला कसा, रात्री झोपला कुठे आणि सकाळी विधीला गेला कुठे हे कुणी लिहीत नाही. हजारो माणसं एका ओढ्याकाठी दोन दिवस राहिली की त्या पाण्याचं काय होतं ते आम्हाला माहितीये.

रात्रपाळी

तुळसताई, काय लिहिलंय! हेच मला म्हणायचं होतं आणि इतकं डोळ्यासमोर आणता आलं नव्हतं. छावणीतल्या रोगराईने मेलेले लोक लढाईत मेलेल्यांपेक्षा जास्त असणं ही जुन्या मोहिमांत नेहमीची गोष्ट. गेममधे हे फार तर एका टक्क्याच्या अ‍ॅट्रिशनमधे (आपोआप होणाऱ्या गळतीत) उरकतात.

निवृत्त सुभेदार

नमस्कार मंडळी. मी फौजेत आर्मी सर्व्हिस कोअरमधे २४ वर्षं काढली, त्यातली काही डोंगरात खेचरांच्या तुकडीत. गेममधलं मला काही कळत नाही, नातवाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

रसद म्हणजे नुसतं धान्य साठवणं नाही, ते हलवणं. एक खेचर धरा १०० किलो वाहतं. ते खेचर स्वतः दिवसाला ४-५ किलो दाणा खातं, वर गवत. वाटेत चरायला मिळालं नाही तर २० दिवसात त्याने स्वतःच्या पाठीवरचं सगळं स्वतःच खाल्लं. पण त्याला परत पण यायचंय ना, म्हणजे दहा दिवस जाणं आणि दहा दिवस येणं. दहा दिवसांच्या वाटेपलीकडे खेचर पोचेल, माल पोचणार नाही. वर हाकणारा माणूस आहेच, तोही खाणार. तुम्ही ५०,००० माणसं आणि १०,००० घोड्यांचा जो हिशोब दिलाय तो दिवसाला ९५ ते १०० टन होतो, म्हणजे रोजची हजार खेचरं नुसती एका दिवसाच्या मालाला. म्हणून जुनी फौज एकतर नदीकाठाने नाहीतर समुद्रकाठाने चालायची, होडीला दाणा लागत नाही. नाहीतर ज्या मुलखात आहे तिथलं खायचं आणि तिथलं संपलं की पुढे सरकायचं. जी फौज मोठी ती एका जागी कमी दिवस थांबू शकते. तुमच्या गेममधे मोठी फौज जास्त ताकदवान, आमच्यात मोठी फौज जास्त भुकेली.

गेमवेडा_नाशिक

सुभेदार काका, दंडवत.

थोडी गेम्सची बाजू घेतो. सगळ्याच गेम्स असं दुर्लक्ष करत नाहीत. इम्परेटर रोममधे प्रत्येक प्रदेशाला पुरवठ्याची मर्यादा आहे, एका कोहॉर्टमधे (तुकडीत) ५०० माणसं धरलीत आणि मर्यादेपेक्षा जास्त कोहॉर्ट्स एका ठिकाणी आणले की माणसं गळायला लागतात, सैन्याला सोबत अन्न न्यायला लागतं. म्हणजे मोठं सैन्य तोडून वेगवेगळ्या वाटांनी न्यायचं आणि लढाईच्या वेळी एकत्र आणायचं हे तिथे शिकायलाच लागतं. आणि पहिल्या रोम टोटल वॉरमधे युनिट भरती केलं की त्या शहराची लोकसंख्या तेवढी कमी व्हायची हे विसरू नका, छोट्या गावातून सतत सैनिक काढले की गाव रिकामं पडायचं. पुढच्या भागांत ते काढून टाकलं याचं मला आजही वाईट वाटतं.

अजून एक, एज ऑफ एम्पायर्स टू मधे लोकसंख्येची मर्यादा २०० आणि त्यात शेतकरी, लाकूडतोडे सगळे धरलेले असतात. शंभर-सव्वाशे गावकरी ठेवले तरच मागे नीट चालतं, उरलेल्या जागेत सैन्य. भाला धरणारा प्रत्येक माणूस म्हणजे नांगर सोडलेला एक माणूस, हे इतक्या सोप्या रीतीने दुसऱ्या कुठल्या गेमने सांगितलेलं मला आठवत नाही.

पेठकर

अवांतर होईल पण राहवत नाही. बुणगे (सैन्यामागचे बिनलढाऊ लोक), छावणीतली उपासमार, रसद तुटणं हे सगळं वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यापुढे पानिपत येणारच. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेब लढायला बाहेर पडले ते छावणीत खायला उरलं नव्हतं म्हणून. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते ते डिसेंबरमधे मारले गेले आणि तिथेच पारडं फिरलं असं माझं मत आहे. आणि निर्णायक म्हणाल तर अब्दाली दोन-तीन महिन्यात परत गेला, दहा वर्षांनी १७७१ ला महादजी दिल्लीत होते. मग पानिपत निर्णायक होतं का?

रात्रपाळी

पेठकर, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे पण पानिपतवर इथे सुरू झालो तर धागा ५०० प्रतिसादांवर जाईल आणि कॅनी बाजूलाच राहील, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. एक मात्र इथे घेतो. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी बघून सैन्याने धीर सोडला असं सांगतात, गेममधे जनरल पडला की सगळ्या सैन्याचं मोराल धाडकन खाली येतं ते यातूनच आलंय आणि ते गेम्सनी बरोबर पकडलंय.

आणि यावरूनच माझं ते अर्धंमुर्धं उत्तर. बुद्धिबळ बघा. आपला सगळ्यात जुना स्ट्रॅटेजी गेम, नावच चतुरंग, हत्ती-घोडा-रथ-पायदळ. त्यात कितीही मोहरी शिल्लक असू देत, राजाला मात बसली की डाव संपला. गॉगामेला (इ.स.पू. ३३१) हा बुद्धिबळाचा डाव होता. दरायसने मैदान सपाट करून घेतलं होतं, चाकांना पाती लावलेले २०० रथ आणले होते, त्याची उजवी बाजू अलेक्झांडरच्या डाव्या बाजूला जवळजवळ संपवत आली होती, आणि अलेक्झांडर मधल्या फटीतून थेट दरायसच्या दिशेने घुसला. राजा पळाला. त्याच्याकडे माणसं उरली नव्हती असं नाही, पण राज्य म्हणजेच राजा होता. बॅबिलॉनने दरवाजे उघडले, सुसाने उघडले, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच सरदाराने, बेससने, त्याला मारला.

रोमकडे राजाच नव्हता. दरवर्षी दोन नवे कॉन्सल. कॅनीला एक मेला, दुसरा, व्हॅरो, वाचून परत आला तर सिनेटने वेशीवर येऊन त्याचे आभार मानले की तू प्रजासत्ताकाबद्दल आशा सोडली नाहीस. मात कुणाला द्यायची? हॅनिबल बुद्धिबळ सगळ्यात चांगलं खेळणारा माणूस होता आणि समोरच्याच्या पटावर राजाचं मोहरंच नव्हतं.

बाणगंगा

बुद्धिबळाचं पटलं, फार छान मांडलंस. पण गॉगामेलाने सगळं संपलं हे नाही पटत. अलेक्झांडरला त्यानंतर बॅक्ट्रिया आणि सॉग्डियाना, म्हणजे आजचा उत्तर अफगाणिस्तान आणि उझबेकिस्तान, तिथे इ.स.पू. ३२९ ते ३२७ अशी जवळजवळ तीन वर्षं घालवावी लागली. तिथे स्पिटामेनीस या स्थानिक सरदाराने त्याला समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही, तुकड्या गाठायच्या, मारायच्या, वाळवंटात निघून जायचं. आपल्याकडे गनिमी कावा म्हणतात तोच. शेवटी अलेक्झांडरने तिथल्याच एका सरदाराची मुलगी रोक्साना हिच्याशी लग्न केलं. म्हणजे ज्यांना राजाशी देणंघेणं होतं त्यांच्यापुरती गॉगामेला निर्णायक.

आणि झेलमची लढाई (इ.स.पू. ३२६). पोरसचे ३०,००० पायदळ, ४,००० घोडदळ, ३०० रथ, २०० हत्ती असं अ‍ॅरियन सांगतो. अलेक्झांडर जिंकला. पण काही महिन्यांत बियासच्या काठी त्याच्याच सैन्याने पुढे जायला नकार दिला, कारण पुढे नंदांचं सैन्य आहे असं ऐकलं होतं, प्लुटार्क २ लाख पायदळ, ८०,००० घोडेस्वार, ८,००० रथ आणि ६,००० हत्ती लिहितो. ते आकडे खरे असतील असं मला वाटत नाही. पण आकडा नुसता ऐकूनच जगातलं सगळ्यात अनुभवी सैन्य मागे फिरलं, हे कुठल्या गेममधे येतं सांगा.

मोडीप्रेमी

आकड्यांचा विषय निघालाय तर अक्षौहिणी हवीच. २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. कौरवांच्या ११, पांडवांच्या ७. मी हे सगळं १८ ने गुणलं, ३,९३,६६० हत्ती होतात. एका हत्तीला दिवसाला १५० किलो चारा धरला तर ५९ हजार टन रोज, सुभेदार साहेबांच्या खेचरांना झेपणार नाही.

पण हा आकडा खोटा म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज करा: २+१+८+७+०, १८. ६+५+६+१+०, १८. १+०+९+३+५+०, १८. पर्वं १८, युद्धाचे दिवस १८, अक्षौहिणी १८. हा शिरगणतीचा आकडा नव्हेच, हा रचलेला आकडा आहे, आणि फार सुंदर रचलाय. खरी माहिती त्याच्या पोटात आहे, एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, ही ‘पत्ती’. सैन्याची सगळ्यात लहान तुकडी कशी असावी याची कल्पना त्यातून मिळते. प्राचीन आकडे वाचताना एकूण बेरीज सोडा, प्रमाण बघा, असं मला वाटतं. प्लुटार्कने अलेक्झांडरच्या वारसदार सेनापतींमधल्या इप्ससच्या लढाईत (इ.स.पू. ३०१) दोन्ही बाजूंचं पायदळ ६४,००० आणि ७०,००० असं जवळपास सारखं दिलंय, पण हत्ती ४०० विरुद्ध ७५. ते हत्ती कुठून आले? सेल्यूकसने चंद्रगुप्ताशी तह करून ५०० हत्ती घेतले होते त्यातले. ७५ हत्तींच्या बाजूचा अँटिगोनस त्यात मेला.

गेमवेडा_नाशिक

मोडीप्रेमी __/\__ हे बेरजेचं माहितीच नव्हतं.

टेस्टर

मी गेम टेस्टिंगमधे काम करतो (कुठे ते महत्त्वाचं नाही), स्ट्रॅटेजी गेम्सवर बराच काळ होतो. तुमच्या सगळ्या मुद्द्यांशी सहमत आहे, पण खेळणारा काय सांगतो ते मी रोज ऐकलंय म्हणून लिहितो. पहिल्या रोम टोटल वॉरपासून आजपर्यंत खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार कुठली माहितीये? ‘मी एआयचं (कॉम्प्युटरचं) अख्खं सैन्य कापलं आणि दोन टर्नमधे तो परत फुल स्टॅक घेऊन आला, ही चीटिंग आहे.’ शेकडो वेळा वाचलीये. मोठी लढाई जिंकली की काहीतरी संपलं पाहिजे अशी माणसाची अपेक्षा असते, नाहीतर आपण खेळलेला तासभर वाया गेला असं वाटतं. मग गेम बनवणारे समोरच्याची भरती कमी करतात, तहाला लवकर तयार करतात, आणि लढाई निर्णायक होते.

आणि लढाईतल्या मृत्यूंचंही तेच. गेममधे हरणाऱ्याचे ८०-९० टक्के मरतात, कारण पळणाऱ्यांच्या मागे घोडदळ सोडायला मजा येते. ग्रीक हॉप्लाइट लढायांचा अभ्यास झालाय त्यात जिंकणाऱ्याचे साधारण ५ टक्के आणि हरणाऱ्याचे १४ टक्के असा हिशोब निघतो. बहुतेक माणसं घरी जायची, ढाल टाकून का होईना. कॅनी अपवाद आहे कारण तिथे पळायला वाटच ठेवली नव्हती.

रात्रपाळी

टेस्टर, तुम्ही ते चीटिंगचं लिहिलंत ते वाचून मी खुर्चीतून उठलो. ही तर हॅनिबलची तक्रार आहे! ट्रेबिया, २१८ ला मारले. ट्रासिमीन, २१७ ला मारले. कॅनी, २१६ ला मारले. आणि दर वेळी पुढच्या वर्षी नवीन लीजन्स. पॉलिबियसने इ.स.पू. २२५ ची मोजदाद दिलीये, रोम आणि मित्रराज्यं मिळून हत्यार धरू शकणारे ७ लाख पायदळ आणि ७०,००० घोडदळ. म्हणजे कॅनीचे ५०,००० म्हणजे त्यातले शंभरात सहा-सात. २१२-२११ च्या सुमाराला रोमची एका वेळी २५ च्या आसपास लीजन्स उभी होती. हॅनिबलच्या आधी ग्रीक राजा पिर्‍हसचंही हेच झालं होतं, इ.स.पू. २८० ला जिंकला, २७९ ला जिंकला, आणि त्याचा सल्लागार सिनियस म्हणाला की हे लोक त्या हायड्रा नावाच्या सापासारखे आहेत, डोकं कापलं की नवीन येतं.

म्हणजे खेळणाऱ्यांना ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो तीच गेममधली सगळ्यात खरी गोष्ट आहे. आणि ती आपण ओरडून ओरडून काढायला लावली.

वाळवंट

कार्हीचा (इ.स.पू. ५३) एक तपशील टाकतो. रोमचा सेनापती क्रॅसस याच्याकडे ७ लीजन्स, सगळे मिळून ४०,००० च्या आसपास. पार्थियन (तेव्हाचं इराणी राज्य) सेनापती सुरेनाकडे फक्त १०,००० घोडेस्वार, त्यातले १,००० चिलखती. रोमनांनी ढाली जोडल्या आणि वाट बघितली की यांचे बाण संपतील. आपणही गेममधे तेच करतो, हॉर्स आर्चर्सचे बाण संपेपर्यंत कासवासारखं बसतो आणि मग बाहेर पडतो. पण सुरेनाने उंटांवर लादून बाणांचा साठा सोबत आणला होता, एक तुकडी रिकामी झाली की उंटांकडे जाऊन भाते भरून परत. प्लुटार्क २०,००० मेले आणि १०,००० पकडले म्हणतो. ती लढाई उंटांनी जिंकली असं मी धरतो.

चहाटपरी

चांगपिंग (इ.स.पू. २६०) राहिली ना? चीन, छिन राज्य विरुद्ध झाओ राज्य. चिनी इतिहासकार सीमा चियान लिहितो की झाओचे ४ लाख मारले, शरण आलेल्यांना पुरलं. आकडा फुगवलेला असेलच. पण त्यातही झाओचं सैन्य मोडलं ते रसद कापल्यामुळे, ४६ दिवस उपाशी अडकून पडलं होतं. आणि एवढं होऊनही छिनला पुढे झाओची राजधानी हानदान घेता आली नाही, वेढा उठवावा लागला, झाओ पडलं ते ३०-३२ वर्षांनी.

गेमवेडा_नाशिक

मग सगळ्यांना एक प्रश्न. कॅनीनंतर हॅनिबलने सरळ रोमवर जायला हवं होतं का? त्याचा घोडदळाचा सरदार माहरबल म्हणाला होता ना, पाच दिवसात तू कॅपिटॉलवर (रोमच्या मुख्य टेकडीवर) जेवशील, आणि हॅनिबल नको म्हणाल्यावर, तुला जिंकता येतं पण जिंकल्याचं करायचं काय ते येत नाही. गेममधे मी तर लगेच गेलो असतो.

बाणगंगा

कॅनी ते रोम साधारण ४०० किलोमीटर, पाच दिवसात म्हणजे रोज ८०. घोडदळ जाईल एखादवेळेस, पायदळ नाही. पुढे तटबंदी. तीन वर्षं आधी स्पेनमधलं सागुंटम, रोमच्या मानाने किती छोटं गाव, ते घ्यायला याच हॅनिबलला ८ महिने लागले होते. रोमपुढे ८ महिने बसून खायचं काय? इटलीतलं मोठं शहर कापुआ त्याच्याकडे आलं हेच मोठं, आणि ते राखायची जबाबदारी आली म्हणून तो तिथे बांधला गेला, २११ ला रोमने ते परत घेतलंच.

निवृत्त सुभेदार

मंडळी, नातवाने ते पॉलिबियसचं पुस्तक आणून दिलं, चष्मा लावून कॅनीच्या आधीची पानं वाचली. तुम्ही सगळे लढाईपासून सुरू करता, मी त्याच्या आधीपासून वाचलं.

हॅनिबल त्या हिवाळ्यात इटलीतल्या गेरूनियमला बसून होता. कधी हलला? शेतातलं नवीन पीक हाताशी आलं तेव्हा. आणि हलला तो कुठे गेला, तर कॅनीला. का कॅनीलाच? कारण आसपासच्या मुलखातलं धान्य आणि सगळा साठा रोमनांनी कॅनीच्या गढीत आणून ठेवला होता, तिथूनच त्यांच्या छावणीला लागेल तसं जायचं. त्याने ते कोठार आधी घेतलं. मग रोमन सैन्याची पंचाईत झाली, आजूबाजूचा मुलूख उजाड, मित्रराज्यं डगमगायला लागलेली, सेनापती रोमला निरोपावर निरोप पाठवतात की काय करायचं सांगा. तिथून हुकूम आला, लढा. म्हणून ते ८६,००० तिथे आले.

म्हणजे त्या जागेची निवड कोठारामुळे झाली. आणि लढाईच्या आदल्या दिवशी हॅनिबलने काय केलं तेही वाचा, त्याचे नुमिडियन घोडेस्वार नदीपलीकडच्या छोट्या रोमन छावणीतून पाणी भरायला निघालेल्या लोकांवर सोडले. ऑगस्टचा महिना, दक्षिण इटली, एवढी माणसं आणि पाण्याची वाट अडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅरो मैदानात उतरला.

रात्रपाळी, तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं की हा माणूस सकाळी उठून डावपेचांचा विचार करायचा का पोत्यांचा. मला तर यात दोन वेगळ्या गोष्टी दिसत नाहीत.

रात्रपाळी

काका, हे प्रकरण मी तीन वेळा वाचलंय आणि तिन्ही वेळा सरळ लढाईच्या पानावर उडी मारली होती. आत्ता परत काढलंय. गेरूनियमपासून सुरू करतो.